कौतुक ऐकून बरे वाटले, तर तो गर्व ठरतो का?

प्रिय बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्यातील एका मराठी मंडळीत सहा वर्षांपासून गायनपथक सांभाळता आणि हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करता. उपासना संपल्यावर कोणी गाण्याची स्तुती केली की तुम्हाला आतून बरे वाटते आणि लगेच त्या बरे वाटण्याचीच टोचणी लागते. 'सर्व गौरव देवाला' असे तुम्ही तोंडाने म्हणता, पण म्हणताना आपण खोटे बोलत आहोत असे वाटते. त्यातच कंपनीत वार्षिक अप्रेझल आले आहे. त्या अर्जात वर्षभरात आपण काय चांगले केले ते स्वतःच्याच हाताने लिहावे लागते, आणि ख्रिस्ती माणसाने ते लिहावे का, असे तुम्ही विचारता. शेवटी, जवळजवळ जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिले आहे: पथकात नव्याने आलेल्या एका मुलाला नाताळच्या उपासनेत एकट्याने गायला द्यावे असे काही जण सुचवत आहेत, पण तो अजून तयार नाही असे तुमचे मत आहे.

मी पस्तीस वर्षे पाळकाचे काम केले. सुरुवातीची काही वर्षे नगर जिल्ह्यातील खेड्यांत आणि पुढची सगळी पुण्यात गेली. आता निवृत्त होऊन वानवडीत राहतो. या काळात गर्वाची कबुली द्यायला माझ्याकडे जी माणसे आली, त्यांतील बहुतेक गर्विष्ठ नव्हती. ज्यांच्या अंगी खरोखर ताठा होता, ते आले तेव्हा दुसऱ्याच्या ताठ्याची तक्रार घेऊन आले. त्यामुळे तुम्हाला लागलेल्या टोचणीने मी फारसा काळजीत पडलो नाही. शेवटच्या वाक्यापाशी मात्र थांबलो. त्याकडे सावकाश येतो.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमची खरी अडचण आनंदाची नाही. नम्रता ही एक भावना आहे असे धरून तुम्ही चालला आहात आणि ती मनात आहे की नाही हे तासातासाला तपासत आहात, जसे एखादी आई ताप आलेल्या मुलाच्या काखेत पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावते. पवित्र शास्त्रात लीनतेविषयी जिथे भर देऊन सांगितले आहे, तिथे भावनेचे वर्णन जवळजवळ सापडत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानायला सांगतो आणि पुढच्याच वचनात त्याचा अर्थ उलगडून दाखवतो: केवळ आपले हित पाहू नका, दुसऱ्याचेही पाहा. म्हणजे तिथे विचारले आहे ते एवढेच की तुमची नजर कुठे आहे. त्यानंतर तो ख्रिस्ताचे उदाहरण देतो, आणि त्या उदाहरणात ख्रिस्त स्वतःला हलका समजत होता असे कुठेही म्हटलेले नाही. योहानाने तर आपल्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगाआधी, मुद्दाम नोंदवून ठेवले आहे की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि त्याने कमरेला रुमाल बांधला. ते 'जाणून' मला फार मोलाचे वाटते. आपण कोण आहोत याविषयी ज्याच्या मनात धाकधूक नव्हती, त्याला दुसऱ्याच्या पायाशी बसणे जड गेले नाही.

आता थोडे भाषेविषयी, कारण आपल्या मंडळ्यांतील बराच घोटाळा तिथून सुरू होतो. आपले पुष्कळसे उपदेश इंग्रजी पुस्तकांवरून तयार होतात. इंग्रजीत गर्व आणि अभिमान या दोहोंसाठी बहुधा एकच शब्द वापरला जातो, आणि त्याच्याविरुद्ध झाडलेला सगळा दारूगोळा मराठीत येताना दोघांवरही पडतो. मराठी माणसाला मात्र हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली की बाप 'मला तुझा अभिमान वाटतो' म्हणतो. त्या जागी 'गर्व' आला तर आपल्या कानाला खटकते. ताठा, तोरा, माज, घमेंड, मिजास, बढाई असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाचा वास वेगळा आहे. पौल करिंथच्या मंडळीला आपल्याला तिचा अभिमान वाटतो असे मोकळेपणाने लिहितो. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात तर तो म्हणतो की प्रत्येकाने आपापले काम पारखून पाहावे, म्हणजे अभिमानाला जागा मिळेल ती स्वतःच्या कामापुरती, शेजाऱ्याशी तुलना करून नव्हे. हे वचन अप्रेझलच्या संदर्भात पुन्हा लागेल.

तुम्हाला कौतुकानंतर जे होते त्याला जुन्या ख्रिस्ती संन्याशांनी वेगळे नाव दिले होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्यात लोकांच्या वाहवेची भूक आणि गर्व हे दोन वेगळे विचार आहेत. पहिल्यात मनुष्य लोकांच्या तोंडाकडे पाहत बसतो. दुसऱ्यात आपल्याकडे जे चांगले आहे ते आपणच निर्माण केले असे त्याला वाटू लागते, देवाची गरज उरत नाही आणि भोवतालचे लोक मूर्ख दिसू लागतात. पहिला विचार दुसऱ्यापर्यंत पोहोचवू शकतो, पण दोन्ही एकच नाहीत. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुम्हाला पहिल्याचा थोडा त्रास आहे, आणि तो ज्याला नाही असा गवई मी अजून पाहिलेला नाही. पाळकांचे तर विचारूच नका. या भुकेविषयी इव्हाग्रियसने एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. तिच्यापासून सुटायला जे कराल, तेच तिचे नवे खाद्य होते. कॅसियन, ज्याने ही शिकवण पुढे पश्चिमेकडे नेली, तिला कांद्याची उपमा देतो: एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा तयारच असतो. (मराठीत आपण शहाणपणाचा आव आणणाऱ्याला नाकाने कांदे सोलणारा म्हणतो. कॅसियनला ही म्हण आवडली असती.) 'मी किती नम्रपणे उत्तर दिले' हा तुमच्या मनात येणारा पुढचा विचार म्हणजे त्याच कांद्याचा दुसरा पापुद्रा आहे. म्हणून मी तुम्हाला सोलत बसू नका असे सुचवेन.

तरीही कौतुकाची इच्छा केव्हा बिघडते हे ओळखायला काही खूण हवी. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने यावर जे लिहिले ते मला प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडले आहे. स्तुती हवीशी वाटण्यातच पाप आहे असे तो म्हणत नाही. त्याच्या मते ती इच्छा तीन प्रकारे पोकळ होते: ज्या गोष्टीसाठी स्तुती हवी ती गोष्टच आपल्याकडे नसते किंवा स्तुतीच्या योग्यतेची नसते, ज्याच्याकडून हवी त्याला पारखण्याची जाण नसते, किंवा ती स्तुती देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या हिताकडे वळत नाही, आपल्यापाशीच साचते. तुमच्या गायनपथकाला हे लावून पाहा. सूर खरोखर लागला होता का? ज्याने पाठ थोपटली त्याला सुरातले कळते, की तो सगळ्यांनाच हरभऱ्याच्या झाडावर चढवतो? आणि त्या गाण्याने मागच्या बाकावरच्या माणसाला प्रार्थना करणे सोपे झाले का? या तिन्ही प्रश्नांत 'मला किती आनंद झाला' हा प्रश्न येतच नाही, याकडे लक्ष द्या.

'सर्व गौरव देवाला' या वाक्याविषयी मी थोडे कडक बोलणार आहे. वाक्य खरे आहे, पण ते ढाल म्हणून वापरले की पोकळ वाजते, आणि तुमच्या कानाला ते पोकळ वाजते ही चांगली गोष्ट आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातील दृष्टांतातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आठवा. त्याच्या प्रार्थनेचा पहिला शब्द आभाराचा आहे. आपण चांगले आहोत याचे श्रेय तो रीतसर देवालाच देतो. त्याचा घात होतो तो पुढे, दूर उभ्या असलेल्या, लोक पापी समजत अशा जकातदाराकडे त्याची नजर जाते आणि आपण त्याच्यासारखे नाही असे तो म्हणतो तिथे. तोंडात योग्य वाक्य असणे हे काही संरक्षण नाही, एवढे त्या दृष्टांतावरून नक्की कळते.

मग कौतुकाला उत्तर काय द्यावे? आमच्या मंडळीत पेटी वाजवणाऱ्या एक शिक्षिका होत्या, अत्यंत तयारीच्या. एका रविवारी उपासनेनंतर दाराशी कोणीतरी त्यांना म्हणाले, "बाई, आज पेटी फार सुंदर वाजली." बाईंनी चष्मा पुसत उत्तर दिले, "हो, चाल आज जमली खरी. तिसऱ्या कडव्यात मात्र मी घाई केली, तुमच्या लक्षात आले असेल." आणि लगेच, "तुमच्या आईंचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले का?" मी शेजारी उभा होतो. त्यांनी स्तुती झटकली नाही, तिच्यावर रेंगाळल्याही नाहीत. दुकानदाराने आलेले पैसे मोजून गल्ल्यात टाकावे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळावे, इतके ते सहज होते. तुम्ही 'धन्यवाद, बरे वाटले ऐकून' एवढे म्हटले तरी पुरे. तेही खरेच आहे, आणि खरे बोलण्यात देवाचा गौरव कमी होत नाही.

याच्या उलट जे आहे, म्हणजे स्वतःला मुद्दाम कमी दाखवणे, त्याला शास्त्रात लीनता म्हटलेले नाही. कलस्सैकरांस लिहिताना पौल लीनतेचा देखावा करणाऱ्यांपासून सावध करतो. मोशेला गणनेच्या पुस्तकात पृथ्वीवरील सर्वांहून नम्र म्हटले आहे, पण तोच मोशे निर्गमाच्या चौथ्या अध्यायात 'मला बोलता येत नाही, दुसऱ्या कोणाला पाठव' म्हणत राहतो तेव्हा देवाला त्याचा राग येतो. धनी तीन दासांकडे पैसे सोपवून परदेशी जातो त्या रुपयांच्या दृष्टांतातील तिसरा दासही असाच आहे. त्या बिचाऱ्याला थोडेच मिळाले असे आपण समजतो. पण मूळ ग्रीकमधील एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची कमाई त्या माणसाने जमिनीत पुरून ठेवली. आपल्या कुवतीपेक्षा मागे राहणे हाही दोष आहे असे सांगताना अक्वायनसने याच दासाचे उदाहरण दिले आहे.

यावरून अप्रेझलचे उत्तर निघते, आणि ते बरेच सरळ आहे. अर्ज हा हिशेब आहे. हिशेबात जास्त लिहिणे जसे खोटे, तसे कमी लिहिणेही खोटेच. जे काम तुम्ही केले ते लिहा, त्याचा परिणाम मोजता येत असेल तर आकडा लिहा, आणि जिथे सहकाऱ्याचा हात होता तिथे त्याचे श्रेय स्पष्ट लिहा. गलतीकरांतील ते वचन पाळायचे तर दुसऱ्याला खाली दाखवून आपली उंची सिद्ध करणारे वाक्य अर्जात नसावे. तुमचा मॅनेजर अर्जातील 'विशेष काही केले नाही' हे वाक्य नम्रता म्हणून वाचणार नाही, माहिती म्हणून वाचेल. काही कंपन्यांत सहकाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत बसवूनच रेटिंग दिले जाते असे माझा पुतण्या सांगतो; तिथे किती जोर लावून लिहायचे हे त्या ठिकाणच्या रीतीवर अवलंबून राहील आणि ते तुम्हालाच ठरवावे लागेल. मी एवढेच सुचवेन की अर्ज पूर्ण झाल्यावर ज्या सहकाऱ्याचा त्यात उल्लेख आहे, त्याच्यासमोर तो मोठ्याने वाचता येईल का, असे स्वतःला विचारून मगच पाठवा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही, जरी ती तुमच्या प्रश्नात नाही. नम्रतेचा उपदेश कोणाला केला जात आहे, यावर बरेच अवलंबून असते. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. खाली मान घालून चालणे, आवाज न करणे, आपली पायरी ओळखून राहणे हे त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले होते, आणि शुभवर्तमानाने त्यांना पहिली गोष्ट दिली ती ताठ मान. नगर जिल्ह्यात असताना, अजून कोवळा असताना, मी अशाच एका मंडळीत 'स्वतःला काहीच समजू नका' असा उपदेश केला. उपासना संपल्यावर एक म्हाताऱ्या आजी माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आम्हाला काही समजायला आत्ता कुठे लागलोय." तो उपदेश मी पुन्हा केला नाही. स्त्रियांच्या बाबतीतही असेच आहे. 1960 साली व्हॅलरी सेविंग या अमेरिकन विदुषीने एका लेखात आक्षेप घेतला होता की गर्व हेच मूळ पाप मानणारा ईश्वरविज्ञानाचा विचार पुरुषांच्या अनुभवावर बेतलेला आहे. बायकांची अडचण बहुधा उलटी, दुसऱ्यांसाठी झिजता झिजता स्वतः उरतच नाही, अशी असते. सगळ्याच बायकांविषयी हे खरे असेल असे नाही, पण संसारात पिचलेल्या बाईला आणखी नमायला सांगणाऱ्या पाळकाने तो लेख वाचलेला बरा.

या संदर्भात मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगावला त्यांचे मुक्ती मिशन लागते. वयाच्या विशीत, 1878 साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आपली विद्वत्ता नाकारली नाही आणि लपवलीही नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. जड संस्कृत शब्द त्यांना हातासरशी सुचत असणार, पण कमी शिकलेल्या बायकांनाही कळावे म्हणून त्यांनी साधे शब्द शोधले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. विद्येला आणि लीनतेला एकाच माणसात नांदता येते का, या प्रश्नाला माझ्याकडे याहून जवळचे उत्तर नाही.

आता तुमच्या टोचणीविषयी आणखी थोडे. ती अधूनमधून लागत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करून गात राहा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात अशा शंकाखोर मनासाठी काही नियम दिले आहेत, आणि तिथे त्याने संत बर्नार्डचे एक उत्तर नोंदवले आहे. चांगले काम करताना 'तू हे मिरवण्यासाठी करतोस' असा विचार आला तर त्या विचाराला सांगावे: मी तुझ्यासाठी सुरू केले नव्हते आणि तुझ्यासाठी थांबवणारही नाही. मी स्वतः प्रोटेस्टंट पाळक असलो तरी हे उत्तर मी पुष्कळ तरुणांना पाठ करायला लावले आहे. परंतु ही तपासणी दिवसाचे काही तास खाऊ लागली असेल, त्याच त्या पापाची पुन्हा पुन्हा कबुली देऊनही चैन पडत नसेल, झोप उडाली असेल, तर ती केवळ आध्यात्मिक बाब राहत नाही. अशा वेळी मी माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगतो आणि गरज पडली तर सोबत जातो. यात विश्वासाची कमतरता मानण्याचे काहीही कारण नाही.

इथवरचे सगळे तुम्ही विचारले त्याचे उत्तर झाले: बरे वाटणे हा गर्व नाही, कौतुक साधेपणाने घ्यावे, अर्ज खरा भरावा. पण गर्व बहुधा आपण पहारा देतो त्या दारातून येतच नाही. तो कुठून येतो हे मला माझ्याच घरात कळले.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूच्या त्या कृतीची आठवण म्हणून, मी दरवर्षी मंडळीतील बारा जणांचे पाय धूत असे. बारा जण घरूनच पाय घासूनपुसून येत. एक गृहस्थ तर आदल्या दिवशी नखे कापून, टाचांना व्हॅसलीन लावून येत. आमचे घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे काका पितळेच्या घंगाळात कोमट पाणी भरून आणत, टॉवेल हातात देत आणि बाजूला उभे राहत. उपासनेनंतर लोक माझे हात हातात घेऊन म्हणत की पाळक असावा तर असा. मला बरे वाटे, आणि तुमच्यासारखीच टोचणीही लागे; त्या टोचणीवर मी प्रार्थनेत बराच वेळ घालवला. मग एका वर्षी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. पत्नी औषधे आणायला गेली होती आणि काका भेटायला आले. मला वाकता येत नव्हते. पायांवर आठवड्याचा मळ होता, टाचा फुटल्या होत्या. त्यांनी काही न विचारता न्हाणीघरातून बादलीत गरम पाणी आणले, फरशीवर बसले आणि माझा पाय उचलला. मी तो मागे ओढला. "काका, तुम्ही नका. हिला येऊ द्या." ते म्हणाले, "बसा निवांत, पाळकसाहेब. पाणी गरम आहे तोवर होऊन जाऊ द्या." आणि बोटांच्या बेचक्यांतून ओला टॉवेल फिरवत राहिले. त्यांनी किती वर्षे घंगाळ भरून आणले याचा मी हिशेब करू लागलो, आणि तेव्हा ध्यानात आले की त्या बारा जणांत मी त्यांना एकदाही बसवले नव्हते. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र 'माझे पाय तू कधीही धुणार नाहीस' म्हणाला, तेव्हा ते ऐकणाऱ्याला नम्रतेचे वाटले असेल. माझे वाक्यही मला तसेच वाटले होते.

म्हणून तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. तो मुलगा खरोखरच तयार नसेल. आवाज फुटण्याचे वय असेल, वरच्या पट्टीत सूर घसरत असेल, भर उपासनेत पाय लटपटण्याची भीती असेल. पथकाची जबाबदारी तुमच्यावर आहे आणि चार जणांनी सुचवले म्हणून निर्णय बदलणे याला मी नम्रता म्हणणार नाही. मी त्याचे गाणे ऐकलेले नाही, त्यामुळे तुमचे मत चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. पण तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात तुम्ही स्वतःच्या आनंदाची बारीक तपासणी केली आहे आणि या मतावर मात्र एकही प्रश्न विचारलेला नाही, हे मला दिसले. तयार नाही म्हणजे काय कमी आहे, हे त्या मुलाला कोणी सांगितले आहे का? ते भरून काढायला त्याच्याबरोबर वेगळा सराव झाला आहे का? सहा वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा एकटे गायलात तेव्हा तुम्ही तयार होता का, आणि ते कोणी ठरवले होते? नाताळला आतापर्यंत एकट्याने कोण गात आले आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी अंदाज करतो, आणि तो चुकला असेल तर मला माफ करा.

एक करून पाहा. पुढच्या सरावाला त्या गीताचे एक कडवे त्याला द्या, पेटी कोणा जाणकाराला वाजवू द्या आणि तुम्ही समोर उभे राहून हाताने ताल देण्याऐवजी मागे दाराजवळच्या बाकावर जाऊन बसा. तो बेसूर गायला तर कुठे सुटला ते त्याला नीट समजावून सांगा आणि नाताळ पुढच्या वर्षीही येणार आहे हेही सांगा. तो सुरात गायला, तुमच्यापेक्षा थोडा बराच गायला, तर त्या क्षणी मनात सगळ्यांत आधी काय आले ते घरी जाऊन एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ मला कळवायलाच हवी असे नाही.